सामाईक फायलींचे जाळे : वेग आणि विश्वासार्हता

दप्तराची किंमत दोन गोष्टींवर ठरते. हवा तो कागद हव्या त्या वेळी हाती यावा, ही पहिली. आणि हाती आलेला कागद खरा व अद्ययावत असावा, ही दुसरी. पहिली गोष्ट वेगाची, दुसरी विश्वासार्हतेची. दप्तर लाकडी कपाटात असो की संगणकात, या दोन कसोट्या बदलत नाहीत. बदलते ते एवढेच की, संगणकाच्या दप्तरात या दोन गोष्टी परस्परांशी कशा बांधलेल्या आहेत, हे डोळ्यांना दिसत नाही.

बेळगाव-निपाणीच्या सीमाभागात या प्रश्नाला विशेष अर्थ आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना होऊन तत्कालीन मुंबई राज्यातील बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात समाविष्ट झाला. त्यातील चंदगड तालुका तेवढा मुंबई राज्यात राहून कोल्हापूर जिल्ह्यास जोडला गेला. तेव्हापासून घर निपाणीत आणि शेत कागल तालुक्यात, किंवा वाडा चंदगडला आणि दुकान बेळगावात, अशी स्थिती एखाद्या कुटुंबाच्या वाट्याला येणे नवलाचे राहिले नाही. अशा कुटुंबाचे कागद दोन राज्यांच्या दोन दप्तरांत आणि दोन भाषांत असतात. एका कागदातील एक ओळ हरवली, तर तिच्यासाठी सीमेच्या दोन्ही बाजूंना हेलपाटे घालावे लागतात.

दोन्ही राज्यांनी हे दप्तर संगणकावर नेले आहे. कर्नाटकात 'भूमी' प्रकल्पाखाली सुमारे २ कोटी जमीन-उतारे संगणकात आले. महाराष्ट्रात १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. या दोन्ही डेटाबेस-प्रणाली होत आणि त्यांचे नियम स्वतंत्र आहेत. परंतु कार्यालयातील पत्रव्यवहार, नकाशांच्या प्रतिमा, जुन्या कागदांची छायाचित्रे, महाविद्यालयातील विद्यार्थ्यांचे प्रयोग अशा नित्याच्या फायली अनेक संगणकांना एकाच जागेहून वापरावयाच्या असतात, तेव्हा जी पद्धती कामी येते, ती निराळी आहे. युनिक्स व तिच्या कुळातील लिनक्स या कार्यप्रणालींवर ती 'नेटवर्क फाइल सिस्टीम' अथवा संक्षेपाने 'एनएफएस' या नावाने ओळखली जाते. तिचा वेग कशावर अवलंबून असतो आणि तिच्यावर विश्वास कोठवर ठेवावा, याचे विवेचन येथे केले आहे.

पद्धतीचा उगम

युनिक्स ही कार्यप्रणाली १९६९ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन व डेनिस रिची यांच्या हातून जन्मास आली. १९८२ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्स ही कंपनी स्थापन झाली; तिच्या चार संस्थापकांपैकी विनोद खोसला यांचा जन्म पुण्याचा. या कंपनीने प्रत्येक कर्मचाऱ्याच्या मेजावर ठेवता येईल असा युनिक्स संगणक तयार केला. त्याबरोबर नवा प्रश्न उभा राहिला. पूर्वी एका मोठ्या संगणकास अनेक पडदे जोडलेले असत, त्यामुळे फायली आपोआप एकत्र राहत. आता प्रत्येकाचा संगणक वेगळा झाला आणि फायली विखुरल्या. त्यावर उपाय म्हणून १९८४ च्या सुमारास एनएफएसची रचना झाली व १९८५ मध्ये तिची दुसरी आवृत्ती जगापुढे आली. पहिली आवृत्ती कंपनीच्या चार भिंतींतच राहिली होती. तिसरी आवृत्ती १९९५ मध्ये व चौथी २००० मध्ये प्रसिद्ध झाली.

महाराष्ट्रालाही ही यंत्रे परकी राहिली नाहीत. पुण्याच्या सी-डॅक या संस्थेने १९९८ मध्ये उभारलेला 'परम १००००' हा महासंगणक म्हणजे सन कंपनीच्याच प्रक्रियकांवर चालणाऱ्या युनिक्स संगणकांचा समूह होता. बेळगावात गोगटे तंत्रशास्त्र संस्था १९७९ मध्ये, तर विश्वेश्वरय्या तंत्रशास्त्र विद्यापीठ १९९८ मध्ये सुरू झाले. जेथे संगणकशास्त्र शिकविले जाते, तेथे विद्यार्थी कोणत्याही यंत्रापुढे बसला तरी त्याचे कालचे काम त्याला तेथेच मिळावे, ही गरज उत्पन्न होतेच. आणि एनएफएस नेमकी याच गरजेपोटी जन्मास आली.

रचना मूलतः साधी आहे. एका संगणकाच्या चकतीवर फायली असतात. त्यास 'सर्व्हर' म्हणावे. इतर संगणक त्या फायली जाळ्यावरून मागतात. त्यांस 'ग्राहक' म्हणावे. ग्राहकावर काम करणाऱ्यास दूरची फाइल आपल्याच यंत्रात असल्याप्रमाणे दिसते. हा भास हेच या पद्धतीचे यश आहे आणि तिच्या बहुतेक अडचणींचे मूळही तोच आहे. कारण जवळची चकती आणि दूरचा सर्व्हर यांत एक भेद कधीच पुसला जात नाही : दूरच्या यंत्राचे उत्तर उशिरा येऊ शकते, किंवा येतच नाही.

वेगाचे गणित

जाळे मंद चालते अशी तक्रार आली की, अधिक क्षमतेची तार घ्यावी असा विचार प्रथम सुचतो. तो नेहमीच बरोबर नसतो. मार्ग किती रुंद आहे हा एक प्रश्न. त्या मार्गाने किती फेऱ्या माराव्या लागतात हा दुसरा. निपाणीच्या वखारीतील तंबाखू एका मालमोटारीतून बेळगावास नेली तर एका खेपेत काम होते. तीच तंबाखू एकेक पान करून नेण्याचे कोणी ठरविले, तर रस्ता चौपदरी केल्याने काही साधणार नाही.

एक उदाहरण घेऊ. प्रत्येकी ४ किलोबाइटच्या १०,००० लहान फायली ग्राहकावरून सर्व्हरवर न्यावयाच्या आहेत. एकूण मजकूर सुमारे ४० मेगाबाइट. सेकंदाला १ गिगाबिट क्षमतेच्या तारेवरून प्रत्यक्षात सेकंदाला सुमारे ११० मेगाबाइट जातात. म्हणजे केवळ रुंदीचा विचार केला तर हे काम अर्ध्या सेकंदात संपावे. परंतु प्रत्येक फाइलमागे 'हे नाव आहे काय', 'नवी फाइल निर्माण करा', 'हा मजकूर लिहा', 'तो पक्का करा', 'तिचे तपशील सांगा' अशी सुमारे पाच प्रश्नोत्तरे होतात असे धरू. एकूण ५०,००० प्रश्नोत्तरे झाली. एकाच इमारतीत प्रत्येक प्रश्नोत्तरास ०.२ मिलिसेकंद लागला, तरी १० सेकंद जातात.

आता सर्व्हर बेळगावात आणि ग्राहक निपाणीत आहे असे समजू. अंतर सुमारे ७५ किलोमीटर. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. म्हणजे जाऊन-येऊन ०.७५ मिलिसेकंद लागतो. वाटेतील उपकरणांचा वेळ मिळवून १ मिलिसेकंद धरला, तर ५०,००० प्रश्नोत्तरांस ५० सेकंद लागतील. उपग्रहामार्फत जोडणी असेल, तर गणित पार पालटते. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या 'निकनेट' या जाळ्याने १९८० च्या दशकाच्या अखेरीस जिल्ह्यांची ठिकाणे उपग्रहानेच जोडली होती. भूस्थिर उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतो. प्रश्न वर जाऊन खाली येतो, उत्तरही वर जाऊन खाली येते, आणि त्यात जवळजवळ अर्धा सेकंद जातो. त्या मार्गाने हेच काम करावयास सुमारे ७ तास लागतील.

मजकूर तोच, फायली त्याच. फरक केवळ फेऱ्यांच्या वेळेचा आहे. म्हणून एनएफएसच्या सुधारणांचा इतिहास हा बव्हंशी फेऱ्या वाचविण्याचा इतिहास आहे. तिसऱ्या आवृत्तीत संपूर्ण यादी व प्रत्येक फाइलचे तपशील एकाच उत्तरात मागविण्याची सोय झाली. चौथ्या आवृत्तीत अनेक विनंत्या एकाच लखोट्यात घालून पाठविता येऊ लागल्या. वापरणाऱ्यानेही हेच तत्त्व ध्यानी घ्यावे. हजारो लहान फायली दूर पाठवावयाच्या असतील, तर त्या प्रथम एका गठ्ठ्यात बांधाव्या, गठ्ठा पाठवावा आणि तिकडे सोडावा.

पोच न मिळाल्यास

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पुणे-बंगळूर महामार्गावर पाणी आले आणि कोल्हापूर-निपाणी परिसरातील वाहतूक खंडित झाली. अशा वेळी कोल्हापुराहून निपाणीस टपाल पाठविले आणि पोच आली नाही, तर पाठविणाऱ्यापुढे तीन शक्यता उभ्या राहतात : टपाल पोहोचलेच नाही, पोहोचले, पण काम झाले नाही, किंवा काम झाले आणि पोचच वाटेत अडकली. बाहेरून पाहणाऱ्यास या तिन्ही सारख्याच दिसतात. ग्राहक संगणकाची स्थिती नेमकी अशीच असते.

यावर एनएफएसच्या मूळ रचनाकारांनी शोधलेला उपाय असा : सर्व्हरने मागचे काही लक्षात ठेवू नये आणि प्रत्येक विनंतीत संपूर्ण तपशील असावा. 'पुढचा भाग द्या' असे न म्हणता 'अमुक फाइलच्या अमुक स्थानापासून इतकी अक्षरे द्या' असे म्हणावे. मग उत्तर आले नाही, तर तीच विनंती पुन्हा पाठविण्यात धोका नाही. दोनदा वाचले तरी मजकूर तोच मिळतो. सर्व्हर बंद पडून पुन्हा सुरू झाला, तरी ग्राहक काही घडलेच नाही अशा रीतीने पुढे चालू शकतो. पहिल्या काही वर्षांत या पद्धतीचा जो झपाट्याने प्रसार झाला, त्याचे एक कारण हा सोपा पुनरारंभ होय.

परंतु सर्वच कामे दोनदा करण्यासारखी नसतात. 'ही फाइल काढून टाका' अशी विनंती गेली, सर्व्हरने ती पाळली आणि उत्तर वाटेत हरवले. ग्राहकाने विनंती पुन्हा पाठविली; आता सर्व्हर म्हणतो, 'अशी फाइलच नाही.' काम झालेले असून ग्राहकास चुकीचा निरोप मिळतो. यासाठी सर्व्हर अलीकडच्या विनंत्यांची व त्यांच्या उत्तरांची लहानशी नोंद ठेवू लागला. तीच विनंती पुन्हा आली, तर काम पुन्हा न करता तो जुने उत्तर परत देतो. आवक क्रमांक पाहून दुबार अर्ज ओळखावा, तशीच ही रीत आहे.

सर्व्हर अजिबातच उत्तर देत नसेल, तर काय करावे, याचा निर्णय व्यवस्थापकाने आधीच करून ठेवावयाचा असतो. त्याचे दोन प्रकार आहेत. 'हार्ड' प्रकारात ग्राहक सर्व्हर परत येईपर्यंत वाट पाहतो. पडदा गोठल्यासारखा वाटतो, कर्मचारी त्रासतात, परंतु चालू असलेले लेखन अर्धवट सुटत नाही. 'सॉफ्ट' प्रकारात ठरावीक प्रयत्नांनंतर ग्राहक हात टेकतो आणि कार्यक्रमास त्रुटी कळवितो. कार्यक्रमाने त्या त्रुटीची दखल घेतली तर ठीक; पण अनेक कार्यक्रम ती घेत नाहीत आणि अर्धी लिहिलेली फाइल पूर्ण समजून पुढे जातात. जेथे लेखन होते, तेथे 'हार्ड' हाच प्रकार योग्य. केवळ वाचावयाच्या आणि पुन्हा मिळविता येणाऱ्या मजकुरासाठी 'सॉफ्ट' चालू शकतो.

विनंत्या वाहून नेण्याच्या पद्धतीचाही येथे संबंध येतो. आरंभी एनएफएस 'यूडीपी' या पद्धतीने चाले. तिच्यात ८ किलोबाइटची एक विनंती साध्या इथरनेटवर सहा तुकड्यांत जाते आणि एक तुकडा हरवला तरी सहाही पुन्हा पाठवावे लागतात. जाळ्यावर गर्दी झाली की हरवणे वाढते, त्यामुळे पुन्हा पाठविणे वाढते आणि गर्दीत आणखी भर पडते. 'टीसीपी' पद्धतीत हरवलेला तुकडा तेवढाच पुन्हा जातो आणि गर्दी दिसताच पाठविणारा स्वतःहून वेग आवरतो. विश्वेश्वरय्या यांनी १९०३ मध्ये खडकवासल्यास पाण्याची पातळी पाहून आपोआप उघडणारी दारे बसविली. प्रवाहाने स्वतःचे नियमन स्वतः करावे, हेच तत्त्व येथेही आहे. लिनक्सने २०२० पासून एनएफएससाठी यूडीपीचा वापर मूळ मांडणीतून वगळला आहे.

'लिहिले' या शब्दाचा अर्थ

आता या विषयाच्या गाभ्याकडे वळावयाचे. सर्व्हरने 'मजकूर लिहिला' असे उत्तर दिले, म्हणजे नेमके काय झाले?

संगणकाची स्मृती आणि चकती यांत मोठा भेद आहे. स्मृतीत लिहिणे क्षणाचे काम आहे, पण वीज गेली की तेथील मजकूर नाहीसा होतो. चकतीवरील मजकूर टिकतो, पण तेथे लिहावयास वेळ लागतो. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या चकतीस एका फेऱ्यास ८.३ मिलिसेकंद लागतात. वाचनशीर्ष जागेवर आणण्याचा वेळ धरता एका सुट्या लेखनास सुमारे १० मिलिसेकंद जातात.

दुसऱ्या आवृत्तीचा नियम कडक होता : मजकूर चकतीवर पोहोचल्याशिवाय सर्व्हरने होकार देऊ नये. एका विनंतीत जास्तीत जास्त ८ किलोबाइट जात. त्यामुळे १० मेगाबाइटच्या एका फाइलसाठी १,२८० विनंत्या, आणि प्रत्येकीस १० मिलिसेकंद धरले तर जवळजवळ १३ सेकंद. नियम सचोटीचा होता, पण चाल संथ होती. तेव्हा काही ठिकाणी पळवाट काढली गेली : मजकूर स्मृतीत आला की सर्व्हरने लगेच होकार द्यावा, चकतीवर सावकाश लिहावे. लिनक्समध्ये या मांडणीस 'असिंक' म्हणतात. वेग अनेक पटींनी वाढतो. पण होकार दिल्यानंतर आणि चकतीवर लिहिण्यापूर्वी वीज गेली, तर मजकूर जातो आणि ग्राहकास त्याचा पत्ताही लागत नाही. त्याच्या लेखी काम झालेले असते.

हा वेग खरा नव्हे. तो उसना आहे. त्याची परतफेड ज्या दिवशी वीज जाते त्या दिवशी होते, आणि ती बहुधा ज्याने वेग उपभोगला त्याला नव्हे, तर ज्याचा कागद होता त्याला करावी लागते.

तिसऱ्या आवृत्तीने या पेचातून सरळ मार्ग काढला. महसुली कामाशी परिचित असलेल्यांस तो चटकन उमजेल. गावपातळीवर तलाठी फेरफाराची नोंद घेतो. परंतु मंडळ अधिकाऱ्याने ती प्रमाणित केल्याशिवाय तिचा अंमल सातबाऱ्यास होत नाही. नोंद घेतली जाणे आणि नोंद प्रमाणित होणे या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत, आणि दोहोंस वेगळी नावे आहेत. तिसऱ्या आवृत्तीतही तसेच केले. ग्राहक मजकुराचे भाग भराभर पाठवितो. सर्व्हर ते स्मृतीत घेऊन 'कच्चे मिळाले' असे कळवितो. सर्व भाग पाठवून झाल्यावर ग्राहक 'आता पक्के करा' अशी स्वतंत्र विनंती करतो. सर्व्हर सगळा मजकूर एकदम चकतीवर उतरवितो आणि मगच पक्का होकार देतो. तोवर ग्राहकाने आपली प्रत टाकून द्यावयाची नाही.

मध्येच सर्व्हर बंद पडून पुन्हा सुरू झाला, तर? त्यासाठी सर्व्हर प्रत्येक उत्तरासोबत एक खूण पाठवितो. ही खूण सर्व्हर नव्याने सुरू झाला की बदलते. पक्क्या होकारावरील खूण आधीच्या कच्च्या उत्तरांवरील खुणेहून निराळी दिसली, तर ग्राहक ओळखतो की मधल्या काळात सर्व्हरची स्मृती पुसली गेली आहे. आणि राखून ठेवलेला सारा मजकूर तो पुन्हा पाठवितो. अशा रीतीने वेगही साधतो आणि दिलेला शब्दही पाळला जातो. सर्व्हरचे कच्चे उत्तर कच्चे म्हणूनच दिलेले असते, एवढ्यावर हे सर्व उभे आहे.

या साखळीतील शेवटचा दुवा वापरणाऱ्या कार्यक्रमाकडे असतो. लेखनातील चूक कधी कधी फाइल बंद करतानाच कळते. चकतीवरील जागा संपली असेल, तर तो निरोप तेव्हा येतो. फाइल बंद करण्याच्या आज्ञेचे उत्तर न पाहणारा कार्यक्रम म्हणजे पोचपावती न वाचताच फाइलला लावणारा लिपिक होय.

जवळची प्रत आणि शिळी माहिती

प्रत्येक वेळी सर्व्हरला विचारणे महाग पडते, म्हणून ग्राहक मिळालेल्या मजकुराची प्रत काही काळ जवळ ठेवतो. लिनक्समध्ये फाइलचे तपशील साधारणतः किमान ३ सेकंद व कमाल ६० सेकंद जुने चालवून घेतले जातात. यातून एक परिणाम निघतो : एका मेजावर केलेला बदल दुसऱ्या मेजावर लगेच दिसेलच असे नाही. नियम एवढाच आहे की, पहिल्याने फाइल बंद केल्यानंतर दुसऱ्याने ती नव्याने उघडली, तर त्यास ताजा मजकूर मिळावा. दोघांनी एकाच वेळी उघडी ठेवलेल्या फाइलला हे आश्वासन लागू नाही.

यासाठी कुलपाची सोय असते. एकाने फाइल कुलूपबंद केली की, दुसऱ्याने ती बदलू नये. दुसऱ्या व तिसऱ्या आवृत्तीत कुलपांचे काम एका वेगळ्या सेवेकडे होते आणि तिचा मेळ नेहमीच नीट बसत नसे. चौथ्या आवृत्तीत ते मूळ पद्धतीतच आले. सर्व्हर आता कोणाकडे कोणते कुलूप आहे हे लक्षात ठेवतो. पण कायमचे नव्हे. ग्राहकाने ठरावीक मुदतीत आपण जागेवर असल्याचे कळवावे लागते. लिनक्समध्ये ही मुदत सर्वसाधारणपणे ९० सेकंदांची असते. सर्व्हर पुन्हा सुरू झाल्यावर तेवढाच काळ तो नवी कुलपे देत नाही, जुन्या धारकांना आपला हक्क सांगण्याची संधी देतो. त्या दीड मिनिटात काम अडल्यासारखे वाटते. तो बिघाड नसून हक्करक्षणाची मुदत आहे. सर्व्हर पुनःपुन्हा बंद-सुरू केल्याने ती मुदत लांबत जाते.

देवनागरी व कन्नड नावांचा प्रश्न

सीमाभागातील कार्यालयांस आणखी एक गोष्ट माहीत असणे आवश्यक आहे. फायलींची नावे आता मराठीत व कन्नडमध्ये देता येतात. युनिक्स कुळातील बहुतेक प्रणालींत एका नावास २५५ बाइटची मर्यादा असते. इंग्रजी अक्षरास एक बाइट लागतो. देवनागरी अथवा कन्नड अक्षरचिन्हास यूटीएफ-८ या प्रचलित पद्धतीत तीन लागतात, आणि काना, मात्रा, वेलांटी ही चिन्हे स्वतंत्र मोजली जातात. म्हणजे मराठी नावात जास्तीत जास्त ८५ चिन्हे मावतात. संपूर्ण विषय, दिनांक व गावाचे नाव एकाच नावात कोंबण्याची सवय येथे अडचणीची ठरते.

याहून सूक्ष्म अडचण सारख्या दिसणाऱ्या नावांची आहे. 'शेतकऱ्यांची यादी' या नावातील अर्धा 'ऱ' संगणकात एकाच चिन्हाने लिहिता येतो, किंवा 'र' व त्याखालील नुक्ता अशा दोन चिन्हांनीही लिहिता येतो. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. परंतु लिनक्स सर्व्हर नावाची बाइटशः तुलना करतो. त्याच्या दृष्टीने ती दोन भिन्न नावे आहेत. एका संगणकावर निर्माण केलेली फाइल दुसऱ्यावर शोधली असता 'अशी फाइल नाही' असे उत्तर यावे, किंवा एकाच नावाच्या दोन फायली शेजारी शेजारी दिसाव्यात, याचे कारण अनेकदा हेच असते. कन्नडमधील काही स्वरचिन्हांचीही हीच स्थिती आहे. कार्यालयातील सर्व संगणकांवर टंकलेखनाची एकच पद्धत ठरविणे आणि कायम दप्तराच्या फायलींस क्रमांकाधारित नावे देणे, हा यावरील सोपा उपाय होय.

व्यवस्थापकांसाठी पथ्ये

वरील विवेचनातून काही पथ्ये आपोआप निघतात. सर्व्हरवर 'सिंक' हीच मांडणी ठेवावी. वेग हवा असल्यास विद्युतघटाच्या आधाराने स्मृती राखणारे नियंत्रक किंवा विजेशिवायही लेखन पूर्ण करणाऱ्या घनस्थिती-चकत्या घ्याव्या. सर्व्हर व जाळ्याची उपकरणे या दोहोंस अखंड वीजपुरवठा द्यावा. सर्व्हर चालू आणि वाटेतील पेटी बंद, ही स्थिती ग्राहकास सर्व्हर बंद असल्यासारखीच असते. डेटाबेसच्या फायली सामाईक जागेवर ठेवून अनेक संगणकांवरून थेट उघडू नयेत. त्या कामासाठी डेटाबेसचा स्वतंत्र सर्व्हर असतो. जुन्या आवृत्त्या ग्राहकाने सांगितलेला वापरकर्ता-क्रमांक खरा मानतात. म्हणून सर्व संगणकांवर क्रमांक एकसारखे असावेत आणि इमारतीबाहेरील जोडणी सांकेतिक रूपात न्यावी. त्यासाठीचे प्रमाण २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले आहे.

सर्वांत महत्त्वाचे पथ्य असे की, सामाईक जागा म्हणजे सुरक्षित प्रत नव्हे. दहा मेजांवर दिसणारी फाइल मुळात एकच असते. ती सर्व्हरवरून पुसली गेली की, दहाही मेजांवरून एकाच क्षणी नाहीशी होते. म्हणून वेगळ्या यंत्रावर, शक्य तर वेगळ्या गावी, नियमित प्रत ठेवावी आणि ती प्रत खरोखर उघडते की नाही, हे ठरावीक मुदतीने पाहावे.

नवी मांडणी स्वीकारण्यापूर्वी दोन चाचण्या अवश्य कराव्या. पहिली वेगाची : एक मोठी फाइल आणि तेवढ्याच मजकुराच्या हजारो लहान फायली वेगवेगळ्या पाठवून दोहोंचा वेळ नोंदवावा. दुसरी विश्वासार्हतेची : चाचणीच्या फायलींचे लेखन चालू असताना सर्व्हरची वीज मुद्दाम खंडित करावी, तो पुन्हा सुरू करावा, आणि ज्या ज्या फाइलला पक्का होकार मिळाला होता, ती प्रत्येक फाइल अक्षरशः तशीच आहे काय, हे ताडून पाहावे. पहिली चाचणी बहुतेक ठिकाणी होते. दुसरी क्वचितच होते.

निपाणी, चिकोडी, कागल वा चंदगड येथील नागरिक खिडकीपुढे उभा राहतो, तेव्हा त्यास ना आवृत्तीचा क्रमांक ठाऊक असतो, ना खुणेची देवाणघेवाण. त्याला 'नोंद झाली' एवढेच सांगितले जाते आणि त्या शब्दावर तो घरी जातो. तो शब्द खिडकीमागच्या सर्व यंत्रांनी मिळून पाळावयाचा असतो.